भटारखान्यातील जात आणि भंडाऱ्याचे पोट्टे

भंडारा, तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर. सातही तालुक्यांतून पोट्टे बाहेर निघत आहेत. धानाची शेती असली तर दोन-चार एकर, अनेकांकडे तीही नाही. राईस मिलमधली हमाली हंगामी. विड्या वळता वळता आईची पाठ वाकली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मग कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, मुंबईला, गोव्याला, हैदराबादला एखाद्या पंचतारांकित हॉटेलात लागतो. गावी आल्यावर विचारले की सांगतो, "किचनमधी आहो." घरचे खूश, वस्ती खूश. पण किचनमध्ये म्हणजे नेमके कुठे, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. आम्हाला तोच विचारायचा आहे. आपल्या समाजाचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास त्या एका प्रश्नात अडकलेला आहे.

आधी भटारखाना समजून घेऊ. (जुने हॉटेल कामगार किचनला भटारखानाच म्हणत. आम्हाला हा शब्द आवडतो, त्यात आच आणि धूर दोन्ही आहेत.) मोठ्या हॉटेलातील किचनची रचना ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफच्या नावाने ओळखली जाते. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात हा माणूस सैन्यात आचारी होता. 1890 मध्ये तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आला आणि पलटणीची शिस्त त्याने भटारखान्यात आणली. सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह शेफ, त्याच्या हाताखाली सू शेफ, मग एकेका विभागाचा शेफ द पार्टी, त्याखाली डेमी, त्याखाली कॉमी एक, दोन, तीन. आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांत आजही हीच उतरंड आहे.

शेगड्या, ग्रिल, तंदूर, फ्रायर ओळीने मांडलेले असतात, त्या ओळीला म्हणतात लाइन. तिथे उभा राहून जो प्रत्यक्ष शिजवतो त्याला अमेरिकेत लाइन कुक म्हणतात. आपल्याकडे तो कॉमी किंवा डेमी असतो. दुपारपासून त्याची तयारी सुरू होते. कांदा चिरणे, ग्रेव्ह्या काढणे, मांस मॅरिनेट करणे, प्रत्येक डबा ठरलेल्या जागी ठेवणे. रात्री आठला ऑर्डरच्या चिठ्ठ्या, म्हणजे केओटी, यायला लागल्या की अकरापर्यंत मान वर करायला मिळत नाही. बारा नंबरच्या टेबलावर चार माणसे चार वेगळे पदार्थ मागतात आणि ते चारही एकाच क्षणी पासवर पोचावे लागतात. एकाला उशीर झाला की उरलेले तीन थंड. तंदूरसमोर उभ्या असलेल्या पोराच्या कोपरापर्यंत भाजल्याचे डाग असतात. त्यात ब्रेक शिफ्ट: सकाळी दहा ते तीन आणि पुन्हा सहा ते बारा. मधले तीन तास ना झोपेचे, ना पगाराचे.

या कामाचे गोडवे गाण्याचा आमचा इरादा नाही. पण लाइनवर उभा राहणारा माणूस शिकत असतो. तीन वर्षांत त्याला बुचरी कळते, सॉस कळतो, एका प्लेटचा खर्च काढता येतो. कॉमी तीनचा कॉमी एक होतो, पुढे डेमी होतो. त्याचा अनुभव जहाजावर चालतो, आखातात चालतो, आणि सगळे फसले तर साकोलीच्या हायवेवर स्वतःचा ढाबा टाकायलाही चालतो.

त्याच किचनच्या मागच्या टोकाला दुसरी जागा असते, पॉट वॉश. तिला किचन स्टुअर्डिंग म्हणतात, कुठे युटिलिटी म्हणतात. इथे प्लेटमधले उष्टे टबात खरवडायचे, करपलेली पातेली घासायची, ड्रेनेजची जाळी काढायची, फरशी धुवायची. या खात्याला शेफच्या उतरंडीत जागा नाही. दहा वर्षे काम केले तरी माणूस तिथेच राहतो. फार तर सुपरवायझर होतो. जॉर्ज ऑर्वेलने 1933 साली छापलेल्या पुस्तकात पॅरिसच्या हॉटेलातील भांडी घासणाऱ्यांचे हाल लिहिले आहेत, तोही तेच काम करत होता. पण पॅरिसमध्ये त्या टबापाशी कोण उभे राहणार हे गरिबी ठरवत होती. आपल्याकडे गरिबीच्या जोडीला जात उभी असते. आमच्या ओळखीच्या, हॉटेलात लागलेल्या पोरांना आम्ही जागा विचारली, तेव्हा फार थोड्यांचे उत्तर 'लाइन' असे आले.

आता 20 मार्च 1927 आठवा. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि गावची उष्टी भाकरी सोडायला सांगितले. बलुतेदारीत महाराच्या वाट्याला येणारे अन्न म्हणजे दारोदार मागून आणलेले तुकडे. त्याच दिवशी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सवर्णांचा जमाव मंडपात घुसला, जेवत असलेल्या माणसांना मारले आणि शिजवलेले अन्न मातीत मिसळले. हे शेवटचे कृत्य नीट पाहावे. राग पाण्याचा होता, हात गेला अन्नावर. अस्पृश्याने मागून खाल्लेले त्या व्यवस्थेला चालत होते. अस्पृश्याने सन्मानाने शिजवून, पंगतीत बसून खाल्लेले चालत नव्हते.

मग अस्पृश्याच्या हातचे खाणार कोण? इतिहासात याची दोन उत्तरे सापडतात. पहिले गोऱ्या साहेबाचे. साहेबाच्या बंगल्यात गोमांस, डुकराचे मांस, दारू. तिथे सोवळ्याचा आचारी टिकत नसे. म्हणून तिथे मुसलमान खानसामे आले, गोव्याचे ख्रिस्ती आले, मद्रासकडे परैयार आले, आपल्याकडे छावण्यांमध्ये महार आले. धर्माने जे स्वयंपाकघर आधीच बाटलेले ठरवले, तेवढेच आपल्याला उघडे झाले. तरी त्या फटीतून काय बाहेर पडले पाहा. शिवराम जानबा कांबळे पुण्यात फ्रीमेसन मंडळींच्या सभागृहात बटलर होते. या माणसाने 1908 मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले, 1910 मध्ये महारांची सैन्यभरती पुन्हा सुरू करा म्हणून थेट ब्रिटिश सरकारकडे अर्ज केला आणि 1929 च्या पर्वती सत्याग्रहात ते पुढे होते. साहेबांच्या मेजाशी उभे राहून त्यांनी इंग्रजी आणि जगाची रीत उचलली. गोव्याच्या आचाऱ्यांची वाट तर सरळ पंचतारांकितपर्यंत गेली. मुंबईचे ताजमहाल हॉटेल 1903 मध्ये उघडले. त्याच्या भटारखान्याचा पहिला भारतीय प्रमुख शेफ मिगेल आर्कांजो मस्कारेन्हस, गोव्याचाच.

दुसरे उत्तर शाहू महाराजांचे. कोल्हापूरच्या राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना भांडवल देऊन भर शहरात चहाचे दुकान टाकायला लावले, 'सत्यसुधारक हॉटेल'. सवर्ण गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः दुकानासमोर गाडी थांबवून चहा मागवत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. राजा पितो म्हटल्यावर नाही म्हणणार कोण? शाहूंनी अस्पृश्याला हॉटेलात बसण्याचा हक्क दिला, असे आपण भाषणांत ऐकतो. गंगाराम मात्र गिऱ्हाईक नव्हते. ते चुलीच्या बाजूला उभे होते. आमच्या मते या घटनेचे वजन तिथेच आहे, आणि ते आपण फारसे सांगत नाही.

मुंबईच्या गिरण्यांतही हीच गोष्ट घडली. विणखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला बंदी, कारण बॉबिनचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि दुसऱ्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि मागण्यांच्या यादीत घालायला लावला. लाल बावटा खांद्यावर घेऊनही विणखात्याचे दार बंदच होते, हे त्यांनी दाखवून दिले. 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना त्यांनी आणखी बारीक गोष्ट सांगितली: आपला माणूस गँगमन होतो, पोर्टर होत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी वरकाम करावे लागते आणि घरात अस्पृश्य चालत नाही. तोंड आणि घर, या दोन ठिकाणी जातीची रेघ सर्वांत जाड असते. हॉटेलची लाइन या दोन्हींच्या जवळ येते. तिथला हात थेट दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोचतो.

अमेरिकेशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. 1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या लंच काउंटरवर जाऊन बसले, कारण तिथे त्यांना खायला दिले जात नव्हते. पण त्याच दक्षिणेत गोऱ्यांच्या घरांतले, हॉटेलांतले अन्न पिढ्यान्पिढ्या काळ्या हातांनी शिजत होते. वंशद्वेषाला काळा हात पातेल्यात चालत होता, शेजारच्या खुर्चीवर चालत नव्हता. ब्राह्मणी व्यवस्थेला आपण खुर्चीवरही नको आणि पातेल्यापाशी तर मुळीच नको. स्वातंत्र्यानंतरही हॉटेलांवर 'ब्राह्मण' शब्दाची पाटी मिरवली जात होती. 1957 मध्ये पेरियारांच्या अनुयायांनी मद्रासच्या मुरली कॅफेसमोर त्या पाटीविरुद्ध आंदोलन केले. पाटी खाणाऱ्यासाठी लावलेली असते, तिच्यात माहिती मात्र शिजवणाऱ्याची असते.

कायद्याने आधी खाणाऱ्याची बाजू धरली, आणि त्यामागे बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभव होता. परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात त्यांना पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही असे आले. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' हा शब्द आपण व्यापक अर्थाने वापरला आहे, पैसे घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, असा खुलासा त्यांनी केला. ऑक्टोबर 1956 मध्ये धम्मदीक्षेसाठी नागपुरात आले तेव्हा त्यांचा मुक्काम सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात होता.

शिजवणाऱ्याचे काय? 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात प्रवेश आला, तिथली भांडी वापरण्याचा हक्क आला, व्यवसाय-धंदा करण्याचा हक्क आला. पण 'कोणत्याही कामावरील नोकरी' हे शब्द त्यात घातले गेले 1976 च्या दुरुस्तीने, जेव्हा कायद्याचे नावही नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. म्हणजे जातीमुळे कामावर न घेणे हा गुन्हा आहे, हे स्वच्छ शब्दांत लिहायला आणखी एकवीस वर्षे लागली. हा कायदा सर्वांना लागू आहे, खाजगी हॉटेलालाही. आपल्या किती कार्यकर्त्यांनी त्याचा उपयोग भटारखान्याच्या दारात केला आहे?

1954 हे साल भंडाऱ्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब आपल्या जिल्ह्यातून उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांवर मतांनी हरले. ती जखम जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येते. त्याच 1954 मध्ये मुंबईत, लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने, दादरचे केटरिंग कॉलेज सुरू झाले, आजचे आयएचएम. भटारखाना हा शिकून करण्याचा धंदा झाला तो तेव्हापासून, आणि शिकायला ज्यांना फुरसत व पैसा होता ते आधी आत गेले. पूर्वी जे घराणी पोरांना आचारी होऊ देत नसत, त्यांची पोरे पांढरा कोट घालून शेफ झाली. टबापाशी कोण राहिले हे सांगायला नको.

मध्ये एक दार उघडले होते. 1966 मध्ये आयटीडीसी स्थापन झाले, पुढे एअर इंडियाच्या उपकंपनीची सेंटॉर हॉटेले आली. सरकारी हॉटेल म्हणजे रोस्टर आणि राखीव जागा, भटारखान्यातसुद्धा. 2001 ते 2003 या काळात आयटीडीसीची बरीच हॉटेले विकली गेली, मुंबईतली सेंटॉरही गेली. निर्गुंतवणुकीवर तेव्हा पुष्कळ वाद झाले, किंमत कमी लावली वगैरे. त्या सौद्यात राखीव जागा असलेले किचनही विकले गेले, याची चर्चा आमच्या वाचनात फारशी आली नाही.

आता आपल्याच चळवळीतला आक्षेप. बाबासाहेबांनी मोक्याच्या जागा काबीज करायला सांगितल्या, तुम्ही पोरांना आचारी व्हायला सांगता? आम्ही या आक्षेपाचा आदर करतो, पण तो अर्धा आहे. जिल्हाधिकारी व्हा, प्राध्यापक व्हा, जरूर व्हा. पण जे पोट्टे आजच किचनमध्ये आहेत त्यांचे काय? जातिव्यवस्था श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच मांडले. झाडू आणि मेलेले ढोर आपल्यावर जन्माने लादले गेले, म्हणून ते सोडणे हा विद्रोह होता. स्वयंपाक आपल्यावर लादला गेला नव्हता, तो आपल्याला मनाई होता. मनाई केलेले काम कौशल्याने करणे आणि लादलेले काम करत राहणे यांत फरक आहे. किचनच्या लाइनला आणि पॉट वॉशला आपण एकाच मापाने मोजतो, तेव्हा हा फरक पुसतो, आणि त्याचा फायदा कंत्राटदाराला होतो.

दुसरा आक्षेप हॉटेलवाल्यांचा: आमच्याकडे जात कोणी विचारत नाही. उघड विचारत नसतील. आडनाव विचारतात, गाव विचारतात, घरी काय खाता विचारतात. बाहेरच्या समाजात अन्नाभोवती जात किती जिवंत आहे याचे पुरावे ताजे आहेत. 2017 मध्ये पुण्यात एका उच्चशिक्षित अधिकारी बाईंनी, स्वयंपाकाला आलेल्या बाईने जात लपवून सोवळे मोडले म्हणून पोलिसांत तक्रार दिली आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवून घेतला. पुढे तक्रार मागे घेतली गेली. ती स्वयंपाक करणारी बाई दलितही नव्हती. शाळेच्या पोषण आहारात स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 20 एप्रिल 2004 रोजी द्यावा लागला. तरी दलित बाईने शिजवले म्हणून मुलांनी ताट नाकारल्याच्या बातम्या देशात येतच राहतात. तिथून आलेला माणूस हॉटेलच्या दारात जात काढून ठेवतो, यावर विश्वास कसा ठेवायचा?

गंमत म्हणजे मोठ्या किचनचे शास्त्र सोवळ्याला किंमत देत नाही. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा, त्याचे परवाना नियम 2011 चे. त्यांत काय आहे? अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, कापलेली नखे, झाकलेले केस, हात धुण्याची सोय. किचनमध्ये कच्च्या मांसाला लाल बोर्ड, मासळीला निळा, भाजीला हिरवा. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली. जंतूला गोत्र कळत नाही. स्वच्छता शिकता येते आणि तपासता येते. सोवळे फक्त जन्माने मिळते. या नियमांचा अभ्यास असलेला कॉमी सू शेफपुढेही मान खाली घालत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

चवीच्या बाबतीतही आपण रिकाम्या हाताने जात नाही. चिन्नोर तांदळाचा वास, लाखोळीची डाळ, तलावातल्या मासळीचे कालवण हे ज्याच्या जिभेवर आहे तो अडाणी नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. झाडीपट्टीतल्या आपल्या चुलींची तशी नोंद कोणीतरी करायला हवी. भटारखान्यात काम केलेला पोरगाच ती नीट करू शकेल, त्याला माप आणि कृती दोन्ही कळतात.

आता कामाचे. आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन (जनरल) हा एक वर्षाचा ट्रेड आहे, तो विचारा. आयएचएमच्या प्रवेशाला राखीव जागा आहेत, बारावीनंतर त्यांची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. हे जमत नसेल आणि थेट कामाला लागायचे असेल, तर नेमणूकपत्र हातात घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. त्यावर पदाचे नाव काय आहे ते वाचा. 'कॉमी' असेल तर तुम्ही उतरंडीत आहात. 'युटिलिटी' किंवा 'स्टुअर्ड' असेल तर पहिल्याच दिवशी लेखी विचारा, किचन प्रॉडक्शनमध्ये बदली किती महिन्यांनी आणि कशाच्या आधारावर. पत्र हॉटेलचे आहे की कंत्राटदाराचे, तेही पाहा. पीएफ कोण भरणार ते त्यावरून कळते. तास मोजा. आठवड्याचे 48 तास ही मर्यादा कारखान्यांसाठी आणणारे दुरुस्ती विधेयक 1946 मध्ये मजूर खात्याचे सदस्य म्हणून बाबासाहेबांनीच मांडले होते. हॉटेलांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याचे 48 तासच आहेत आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर आहे. ब्रेक शिफ्टचे तास रोज एका वहीत तारखेसह लिहून ठेवा, सोबतच्या दोघांच्या सह्या घ्या. दिवाळीत किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावी याल तेव्हा ती वही आणि नेमणूकपत्र दोन्ही विहारात घेऊन या. आम्ही तिथे असतो, सोबत बसून वाचू.